दादाच्या पेशी

सोमवार, ४ मार्च. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.
हे लिहायला घेतलं तेव्हा नव्या खोलीची किल्ली दोऱ्यात ओवत होतो. ओवून झाली, गळ्यात घातली. आता हरवायची भीती नाही.

खोली लहान आहे, पण माझी एकट्याची आहे. लोखंडी खाट, एक स्टूल, भिंतीत तीन खुंट्या आणि एक खिडकी. खिडकीतून समोर रुग्णालयाची इमारत दिसते. तिसऱ्या मजल्यावर डावीकडून दुसरी खिडकी दादाच्या वॉर्डची. परिचारिकेने तिथे टॉवेल वाळत घातला आहे, त्यामुळे ओळखायला सोपं जातं. माझ्या खोलीचं दुसरं दार थेट प्रयोगशाळेत उघडतं, म्हणजे कामावर जायला चपलासुद्धा नकोत.

काम असं: बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून चिकटवायच्या, बाटल्या ज्यात ठेवतात त्या उबेच्या पेटीचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि धुतलेलं सामान जागच्या जागी लावायचं. शाळा नववीत सुटली, पण अक्षर चांगलं आणि लिहिताना चूक होत नाही. पाट्या रंगवायच्या दुकानात सहा वर्षं तेवढ्यावरच काढली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी माझी पहिली चिठ्ठी उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाल्या की इथल्या डॉक्टर झालेल्यांनाही असं लिहिता येत नाही.

सामान वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे वाफवाले काका म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, वाऱ्याने उडत तर नाहीस ना? मी नाही म्हणालो. मग म्हणाले, बरं, दारं लावून घेत जाऊ.

वहिनींना फोन केला. त्या खूप दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, भावजी, जन्मभर सगळे तुम्हाला सांगत आले की जरा दादाच्या डोक्याने चाला. आता नोकरी लागली तीही त्याच्याच डोक्यावर!

मंगळवार, ५ मार्च.
वहिनींचं बोलणं थट्टेतलं असलं तरी खरं आहे. दादाच्या मेंदूतून जानेवारीत गाठ काढली. सगळी निघाली नाही. काढलेल्या गाठीतल्या पेशी मॅडमनी बाटलीत जगवल्या आहेत. चपटी बाटली आहे, आडवी ठेवलेली, आत गुलाबी पाणी. पेशींनी खाल्लं की पाणी पिवळं होतं, मग ते बदलायचं.

आज मॅडमनी मायक्रोस्कोपमधून पेशी दाखवल्या. वाटलं होतं काहीतरी किळसवाणं दिसेल. तसं काही नाही. हातपाय पसरून तळाला घट्ट धरून बसलेल्या चांदण्या. मॅडम म्हणाल्या की मेंदूतही त्या असंच धरून बसतात, ती त्यांची सवय.

मग मला समजेल अशा भाषेत सांगितलं, ते इथे लिहून ठेवतो. शरीरातली काही प्रोटीनं निरोप्याचं काम करतात. त्यातलं एक पेशीच्या दाराशी जाऊन सांगतं, तुझं झालं, आता आवर. शहाणी पेशी मुकाट्याने आवरते, आकसते, गोल होते, मरते. गाठीची पेशी ऐकून न ऐकल्यासारखं करते. पण दादाच्या पेशींना हा निरोप ऐकू जाईल असं मॅडमना वाटतं. तसं सिद्ध झालं तर ते प्रोटीन औषध म्हणून दादाला मिळेल.

पेशी वाढवायला गुलाबी पाण्यात माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी घालावं लागतं. दादाचं चालत नाही, कारण मेंदूची सूज उतरावी म्हणून त्याला जे हार्मोन देतात त्यानेच पेशी बहिऱ्या होतात. परक्याच्या रक्तात या पेशी नीट जगत नाहीत. म्हणून सख्ख्या भावाचं, म्हणजे माझं. म्हणूनच ही खोली, ठरलेलं जेवण, ठरलेली झोप. तीन शनिवार सकाळी सात वाजता रक्त द्यायचं. तिन्ही वेळा पेशी मेल्या, तर रुग्णालयाची समिती औषधाला परवानगी देईल. नाहीतर दादाला घरी पाठवतील. घरी म्हणजे काय, ते मॅडमनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गुरुवार, ७ मार्च.
दादाला भेटून आलो. बसून होता. हात अजून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचेच आहेत, नखांच्या कडा काळ्या. त्याला वहिनी ओळखू येतात, कामावरचे लोकही, लिफ्टच्या मोटारीचा कुठला भाग कशाने जळतो तेही सांगतो. पण लग्नाच्या आधीचं सगळं पुसलं गेलं आहे. मला म्हणाला, तुम्ही धाकटे ना? बसा.

दादा मला तुम्ही म्हणाला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला तो ससा म्हणायचा. आई लवकर गेली, बाबा रात्रपाळीला. मला जेवू घालायचा दादा, अंघोळ घालायचा दादा आणि घाबरवायचाही दादाच. आधी शीळ घालायचा, एक लांब आणि दोन तुटक. मग खाटेखाली शिरून पत्र्यावर नखं ओढायचा. कधी माठात हात बुडवून मागून मानेवर ठेवायचा. मी ओरडलो की माझ्यावर एक नाणं उधार. त्याने भिंतीवर रेघा मारून ठेवल्या होत्या. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी एकतीस नाणी देणं लागत होतो. वहिनींनी ते ऐकून उलट मलाच हुंड्यात एक ससा मिळाला म्हणून माझी थट्टा केली होती.

सगळ्यात वाईट काय असायचं, तर मध्येच तो एकदम गप्प व्हायचा. नखं नाहीत, शीळ नाही, श्वाससुद्धा नाही. मला वाटायचं गेला वाटतं, आणि नेमका तेव्हाच खालून हात यायचा. उधारी फेडायचा एकच मार्ग होता, न ओरडता आपणच आपला हात खाली सोडायचा. मग सगळं माफ. मला कधी जमलं नाही. हात दिला तर तू काय करशील, असं विचारलं की म्हणायचा, देऊन बघ.

आज त्याला म्हटलं, शीळ घाल. त्याने ओठ जुळवले. नुसती हवा आली. मग तोच मला म्हणाला, माफ करा हं.

शनिवार, ९ मार्च.
रक्त दिलं. बाटली भरताना पाहिली नाही. काका म्हणाले, एवढ्याशा रक्ताला एवढं तोंड वेडंवाकडं, तुझं लग्न कसं व्हायचं? मॅडमनी रक्त गोठू दिलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि वरचं पाणी काढून घेतलं. चिठ्ठी मी लिहिली.

मंगळवार, १२ मार्च.
जमलं! मेलेल्या पेशीत निळा रंग शिरतो, जिवंत पेशी त्याला आत घेत नाही. मॅडमनी मला बघू दिलं. सगळीकडे निळंच निळं. चांदण्यांचे हातपाय गळून गोळे झाले होते आणि पाण्यात तरंगत होते. दहातल्या सात-आठ मेल्या असं मॅडम म्हणाल्या. टेबलावर थाप मारून माझ्या पाठीवरही मारली. वहिनींना सांगितलं तर त्या फोनवर नुसत्या नाक ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, भावजी, तुमच्या रक्ताला दृष्ट न लागो.

राखून ठेवलेली बाटली वेगळी असते. तिला निरोप देत नाहीत, नुसतं माझ्या रक्ताचं पाणी घालतात. पुढच्या शनिवारसाठी पेशी त्यातूनच घेणार.

बुधवार, १३ मार्च.
दुपारी काका जेवायला गेले होते, मॅडम बैठकीत. मी चिठ्ठ्या लिहीत होतो. मन अगदी शांत होतं. कितीतरी दिवसांनी असं शांत वाटत होतं, म्हणून लक्षात राहिलं.

पेटीतून शीळ आली. एक लांब, दोन तुटक.

पेटीत पंखा असतो. पंख्याचा आवाज असणार. पेटी उघडली. फळीवर बाटल्या, बाकी काही नाही. बंद केली. तापमान बरोबर होतं.

गुरुवार, १४ मार्च.
काकांना सांगितलं. त्यांनी पेटीला कान लावला, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले की मी तीस वर्षं इथे आहे, पेटीला तोंड असतं तर तिने सगळ्यात आधी पगारवाढ मागितली असती. पंख्याला तेलही घातलं. सकाळभर आवाज नव्हता. मला हसू आलं, बरं वाटलं, आणि ते जेवायला गेल्यावर शीळ पुन्हा आली. एक लांब, दोन तुटक. काका दारात दिसले की बंद.

शुक्रवार, १५ मार्च.
दुपारी पाठ टेकली होती. डोळा लागणार एवढ्यात खाटेखालून नखं. खाटेच्या पत्र्यावर सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दादा अगदी असंच करायचा, शेवटी जरा थांबून एक टिचकी.

टिचकीही आली.

ओरडलो. काका धावत आले, वाकून पाहिलं. माझ्या चपला आणि धूळ. म्हणाले, उंदीर असेल, नाहीतर तुझं पोट असेल. मी त्यांना थोडा वेळ बसायला सांगितलं. ते बसले. काही झालं नाही.

शनिवार, १६ मार्च.
रक्त दिलं. मॅडमनी विचारलं, झोप झाली का? हो म्हणालो. खोटं बोललो. झोप झाली नाही म्हटलं असतं तर शनिवार फुकट गेला असता, असं वाटलं. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

मंगळवार, १९ मार्च.
निळं जवळजवळ नाही. दहातल्या दोन मेल्या असतील-नसतील. बाकीच्या हातपाय पसरून बसल्या आहेत, पहिल्यापेक्षा जास्त धष्टपुष्ट.

मॅडमनी माझं उरलेलं रक्त तपासून घेतलं. मग मला समोर बसवलं. त्या चिडल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. माणूस घाबरला की त्या एक हार्मोन रक्तात सोडतात. दादाला सुजेसाठी देतात ते याच जातीचं. ते मिळालं की गाठीची पेशी निरोपाला दार उघडत नाही. निरोप्या बाहेर कडी वाजवत राहतो आणि ती आत मजेत असते. माझ्या रक्तात ते पहिल्या शनिवारच्या तिप्पट होतं.

कशाला घाबरलात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उंदराला. समिती एक खेप माफ करेल, पण शेवटची नाही, असं त्या म्हणाल्या. झोपेची गोळी चालणार नाही, ती रक्तात उतरते. फक्त घाबरायचं नाही. नळ बंद करायला सांगावं तसं सांगितलं.

वहिनींचा फोन आला. पहिल्यांदाच त्या माझ्यावर ओरडल्या. भावजी, तुम्हाला डोंगर उचलायला सांगितलाय का कुणी? चार दिवस नुसतं घाबरायचं नाही, तेवढंही होत नाही तुमच्याच्याने? मग लगेच म्हणाल्या, जेवलात का?

बुधवार, २० मार्च.
दादाला खेळाबद्दल सगळं सांगितलं. शीळ, नखं, माठातला हात. तो नीट ऐकत होता, शेजाऱ्याच्या मुलाची तक्रार ऐकावी तसा. मग म्हणाला, मी असं करायचो तुमच्याशी? वाईट होतं ते. अजिबात आठवत नाही हो. डोक्याच्या त्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, इथलं गेलं सगळं.

परत येताना जिन्यात थांबलो. जिथलं गेलं तिथलंच बाटलीत आहे.

आणि मी शांत असलो की ते येतं. घाबरलेलो असलो की येत नाही, तेव्हा गरज नसते. काकांना ऐकू येत नाही, काकांचं रक्त त्याच्या कामाचं नाही. मी घाबरलो तर त्याला निरोप ऐकू जात नाही. मी शांत राहिलो तर ते मरतं. मी कशाला घाबरतो, हे जगात एकालाच माहीत होतं. दादाला आता माहीत नाही. बाटलीतल्याला माहीत आहे—

मॅडमना हे सांगितलं तर त्या मला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवतील. आणि शनिवार जाईल.

गुरुवार, २१ मार्च.
चिठ्ठी लिहीत होतो. मानेवर ओला हात. गार नाही. कोमट. पेटीइतका कोमट.

ओरडलो. काकांनी विचारलं तर ठेच लागली म्हणालो. कॉलर चाचपली. ओली. बोटाला गुलाबी.

बाटली फोडावी का? फोडली तर तिसरी खेप नाही. पळून जावं का? दुसरा भाऊ नाही. घाबरलो तर दादा जातो. घाबरायचं नाही म्हणून घाबरतो, त्याचंही तेच हार्मोन. परवा सात वाजता—

पुन्हा नखं. पुन्हा ओरडलो. आज दोन. त्या शुक्रवारचं एक. हिशेब कशाला ठेवतो आहे मी?

शुक्रवार, २२ मार्च.
सकाळपासून काही नाही.

शीळ नाही, नखं नाहीत. मॅडमनी राखीव बाटली पाहिली. म्हणाल्या, गंमतच आहे, निरोप न देताच आकसल्यासारख्या दिसतायत. चांगलं लक्षण आहे. तुमचा चेहराही आज बरा दिसतोय. काका म्हणाले, उंदीर बदली होऊन गेला बघ.

वहिनी, मॅडम, काका, सगळे खूश. सगळ्यांना वाटतं, गेलं.

दुपारी पंख्याचासुद्धा आवाज आला नाही. मला ही शांतता माहीत आहे. ते गेलेलं नाही. ते गप्प—

शनिवार, २३ मार्च. सकाळी साडेसहा.
उजाडलं आहे. समोर टॉवेल दिसतो. खिडकीत दादा उभा आहे, मला बघून हात जोडतो. परक्याला जोडावेत तसे.

काही आवाज नाही. खाटेखाली श्वाससुद्धा नाही. पाय वर घेऊन बसलो आहे.

अर्ध्या तासात मॅडम दार वाजवतील. तोपर्यंत तो हात येणार. आला की मी ओरडणार. ओरडलो की ते हार्मोन रक्तात उतरणार, आणि समोर दादा घरी जाणार. हात येईपर्यंत वाट बघायची हीच चूक मी लहानपणापासून करत आलो. भीती हाताची नव्हती. वाट बघण्याची होती.

मग आपणच.

मन आवरायला हिशेब लिहितो. पाट्यांच्या दुकानात हात कापायचा तेव्हा असंच करायचो.

खर्च: साबण — १२
वहिनींना फोन — २०
देणं: काकांना, चहाचे — १६
दादाला, जुनी नाणी — ३१
दादाला, इथली — ३

दादाचे एकूण चौतीस. डावा हात खाली सोडला. फरशी गार. काही नाही. काही नाही. घाबरलो नाही. दादा, घाबरलो नाही बघ.

कोमट.

बोटं धरली आहेत. ओढत नाही, नुसती धरली आहेत, घट्ट, तळाला धरतात तशी. नखांच्या कडा खरखरीत. ओरडलो नाही. मॅडमची पावलं. ओरडलो नाही, म्हणजे दादाला देणं —